गावात फायबर आणायचं असेल तर आधी वाट चालून या

नसरापूर ते वेल्हे या पट्ट्यात मी केबलचं काम करतो. २००४ साली तीस घरांच्या केबल टीव्हीपासून सुरुवात झाली, आता इंटरनेटच्या तारा ओढतो आणि सांभाळतो. तालुक्याचं नाव आता राजगड आहे, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं. माझं गाव पुणे-सातारा महामार्गावरच्या चेलाडी फाट्यावरून आत येऊन, मुख्य रस्ता सोडून आणखी सहा किलोमीटरवर. गावठाण, दोन वाड्या आणि ओढ्यापलीकडची कातकरी वस्ती धरून दीडशेच्या वर उंबरे.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आमची पोरं रेंज मिळावी म्हणून देवळामागच्या टेपाडावर जाऊन बसायची. पाऊस आला की एका इरल्याखाली चार डोकी आणि मधोमध एक मोबाईल. ते चित्र बघूनच मी आणि गावातल्या पाच-सहा जणांनी ठरवलं की फायबर, म्हणजे प्रकाशातून इंटरनेट नेणारी काचेची तार, आणायचंच.

तार ओढायला आम्हाला पाच आठवडे लागले. पण पहिल्याच पावसाळ्यात ती अकरा वेळा तुटली आणि त्यातल्या चार वेळा दुरुस्तीला आठवडा-आठवडा गेला. लोक म्हणू लागले, यापेक्षा टेपाड बरं. तेव्हा कळलं की आम्ही सगळा विचार ओढण्याचा केला होता, तुटल्यावर काय करायचं याचा केलाच नव्हता. म्हणून पुढचं सगळं त्या बाजूने लिहितोय. प्रत्येक पायरीला स्वतःला एकच विचारा: पावसाळ्यातल्या रात्री ही जागा तुटली तर कोण येणार, कशाने शोधणार आणि काय वापरून जोडणार?

जिवंत फायबर कुठपर्यंत आलंय ते शोधा

सुरुवात ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून करा. केंद्र सरकारची भारतनेट योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या हा तिचा उद्देश. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार सरळ रेषेत न नेता कडं करून न्यायची, असा मोठा बदल आहे. कड्यात एका बाजूला तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सिग्नल येत राहतो. सरळ रेषेत एक घाव बसला की पुढची सगळी गावं अंधारात.

तर कार्यालयात जा, ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारून भिंतीवरची पेटी उघडून बघा. आत केबल आली आहे का, तिच्यावर काय छापलंय, यंत्राला वीज आहे का, कोणता दिवा लागलाय. मोबाईलमध्ये फोटो काढा. नंतर जवळच्या मोबाईल टॉवरच्या पायथ्याशी जा. टॉवरवर गोल ढोलासारख्या डिश असतील तर तिथे सिग्नल हवेतून येत असू शकतो. पायथ्याशी चेंबर, म्हणजे जमिनीतला झाकणाचा केबलचा खड्डा, आणि वर आलेला पाइप दिसला तर फायबर असण्याची शक्यता जास्त. मग रस्त्याकडेचे केबलचे खुणेचे दगड बघत मुख्य रस्त्याने चाला. दोन दिवसांत तुमच्याकडे असा कागद तयार होतो की कोणाची तार कुठल्या चेंबरपर्यंत आहे. त्या कागदावर बोलायला बसलं की समोरची कंपनी तुम्हाला ऐकून घेते.

परवान्याचं थोडक्यात. स्वतःच्या मनाने गावात इंटरनेट विकता येत नाही. दूरसंचार कायदा २०२३ नुसार परवानगीशिवाय सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एका गावासाठी स्वतः परवाना काढत बसू नका. परवानाधारक कंपनीचे किंवा बीएसएनएलचे स्थानिक भागीदार व्हा. बँडविड्थ, ग्राहकांची नोंदणी, कायदेशीर जबाबदारी त्यांची; गावातली तार आणि माणसं तुमची. करारात दोन गोष्टी लेखी घ्या: मुख्य तार तुटली तर किती तासांत जोडून देणार, आणि गावातल्या तारेची मालकी कोणाची.

वाट पायी चाला, आणि दोनदा चाला

नकाशावर बोट ठेवून मार्ग ठरवू नका. एकदा मार्चमध्ये चाला आणि एकदा जुलैमध्ये. मार्चमध्ये जे गवताळ माळरान दिसतं तिथे दरवर्षी वणवा लागतो. तुमची केबल खांबावरून लोंबत गवतापर्यंत आली असेल तर एका दुपारी दोनशे मीटर जळून जाईल. जुलैमध्ये त्याच वाटेवर ओढा कुठून फुटतो, कुठली दरड सुटते, भातलावणीच्या वेळी ट्रॅक्टर कुठल्या बांधावरून वळतो, हे दिसतं. आमची अकरापैकी तीन तुटणी एकाच वळणावरची होती. पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर तिथे वळतो आणि आमची तार तिथे साडेचार मीटरवर होती. आता रस्ता ओलांडताना सहा मीटरच्या खाली तार ठेवत नाही.

चालताना वही हातात ठेवा. प्रत्येक खांबाला नंबर द्या. बांध कोणाचा, आंब्याची फांदी कुठे घासणार, वानरांचा राबता कुठे आहे, हे सगळं लिहा. वानरं तारेवर झोके घेतात, त्याने झोळ वाढतो आणि मग क्लॅम्पपाशी तार मुरगळते. जिथे त्यांचं येणं-जाणं रोजचं आहे तेवढा तुकडा आम्ही पाइपातून जमिनीखाली नेला.

ज्याच्या बांधावर खांब येणार त्याच्या घरी स्वतः जा. फोनवर विचारू नका. आमच्याकडे एका आजीने वावरात खांब घ्यायला नकार दिला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पूर्वी विजेचा खांब रोवला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, अजून नांगर तिथे अडतो." आम्ही खांब बांधाच्या टोकाला सरकवला, आठ मीटर तार जास्त लागली. आज त्या खांबाजवळ काही खुट्ट झालं तरी आजींचा पहिला फोन येतो.

रस्ता कोणाचा आहे ते आधी ठरवा. सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर तिकडे अर्ज, जिल्हा परिषदेचा असेल तर तिकडे, गावठाणात ग्रामपंचायत. दूरसंचार मार्गाधिकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून तार न्यायच्या परवानगीचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत आणि हे अर्ज गतिशक्ती संचार पोर्टलवरून जातात. अर्ज परवानाधारक कंपनीच्या नावाने करायचा, पण नकाशा तुम्हीच काढून द्या, कारण वाट तुम्ही चाललेले असता. खोदाईआधी कॉल बिफोर यू डिग या सरकारी ॲपवर नोंद करा. २०२३ पासून ते सुरू आहे. तुमच्या खोदाईत दुसऱ्याची तार किंवा पाण्याची लाइन तुटू नये, हेही आपलंच काम.

मध्ये वनखात्याची जमीन आली तर घाई करू नका. वन हक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये शासनाच्या दूरसंचार तारांसाठी सोय आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस, असं असेल तर. तुमची तार खासगी असेल तर ही सोय धरून चालू नका. आम्ही जंगलातली जवळची वाट सोडून रस्त्याने वळसा घातला. सव्वा किलोमीटर तार वाढली, पण रात्री दुरुस्तीला मोटारसायकल थेट जागेपर्यंत जाते.

ग्रामसभेचा ठराव नक्की घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या सभा बहुतेक गावांत होतातच, त्यातली एक धरा. ठरावात जागा, खांबांची संख्या आणि शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र यांना जोडणी देणार हे लिहून घ्या.

जमिनीखाली की खांबावर

सरकारी कामात पाइप साधारण १६५ सेंटिमीटर खोल घालायचा असतो. गावाच्या पैशात सहा किलोमीटर तेवढं खोदणं होत नाही आणि आमच्याकडे दोन फुटांवर कातळ लागतो. म्हणून आमची बहुतेक तार खांबावरून आहे. खांब शक्यतो स्वतःचे उभे करा. महावितरणच्या खांबाला लेखी परवानगीशिवाय हात लावू नका आणि ११ केव्हीच्या तारेजवळ तर परवानगी असली तरी आपला माणूस चढवू नका.

केबल घेताना धातू नसलेली, स्वतःचं वजन स्वतः पेलणारी घ्या. तिला एडीएसएस म्हणतात. फायबर काचेचं असल्याने त्यातून वीज जात नाही, पण आधाराला लोखंडी तार असलेली केबल डोंगरातल्या विजेला आमंत्रण देते. पहिल्या वर्षी स्वस्त पडते म्हणून आम्ही लोखंडी तारेची घेतली होती आणि मे महिन्याच्या एका वळवाच्या पावसात टोकाची सगळी यंत्रं जळाली.

किती कोअरची, म्हणजे आत काचेचे किती धागे असलेली, घ्यायची? आज चार पुरतील, तरी बारा घ्या. खर्च केबलपेक्षा खांब आणि मजुरीचा जास्त असतो, आणि एखादा कोअर खराब झाला तर दुसऱ्यावर टाकून त्याच रात्री गाव चालू करता येतं.

आता या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. प्रत्येक खांबापाशी तो आकडा वहीत लिहा. जॉइंट जिथे आहे तिथे, आणि जिथे दहा-पंधरा मीटर जादा केबल गुंडाळून लूप ठेवलाय तिथे, लूपच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही. तार तुटली की ओटीडीआर नावाचं यंत्र लावतात. ते आत प्रकाश सोडतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून किती मीटरवर तुटलं ते सांगतं. पण ते फायबरची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. पहिल्या पावसाळ्यात यंत्राने ३,४२० मीटर दाखवलं. आम्ही मोटारसायकलच्या काट्यावर तेवढं मोजून एका भातखाचरात चिखलात दोन तास शोधत बसलो. तुटलेली जागा अडीचशे मीटर मागे होती, कारण मधल्या लूपांमध्ये गुंडाळलेली केबल आम्ही धरलीच नव्हती. आता वही उघडतो, आकडा बघतो आणि सरळ ३७ नंबरच्या खांबाखाली जाऊन उभे राहतो.

प्रकाशाचा हिशेब

गावाकडच्या घरांसाठी जीपॉन पद्धत सोयीची. एका टोकाला ओएलटी नावाचं यंत्र, तिथून एक कोअर निघतो, वाटेत स्प्लिटर त्याचे फाटे करतो आणि प्रत्येक घरात ओएनटी, म्हणजे ज्याला आपण मोडेम म्हणतो ते, लागतं. स्प्लिटरला वीज लागत नाही. ज्या गावात दिवसातून चारदा लाइट जाते तिथे याचं मोल फार आहे.

प्रकाश वाटला की कमी होतो. किती, ते आधी कागदावर काढा. आमचाच हिशेब देतो. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि घट डीबीमध्ये. ओएलटीतून निघताना अधिक ४ डीबीएम. नऊ किलोमीटर तार, किलोमीटरला ०.३५ धरून ३.२ डीबी गेले. एकास चार स्प्लिटरचे ७.२, पुढे एकास आठचे १०.५. आठ जॉइंट, प्रत्येकी ०.१ धरून ०.८. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.५ धरून २. एकूण २३.७. म्हणजे घरात उणे १९.७ पोचायला हवेत. मोडेमला साधारण उणे २७ पर्यंत चालतं, तेव्हा हातात सात डीबी शिल्लक. ही शिल्लक दुरुस्तीसाठी असते. दर तुटीला एक-दोन जॉइंट वाढतात, पावसाळ्यात कनेक्टर ओल धरतात. ज्यांनी उणे २६ वर घर चालू करून दिलं, त्यांची ती जोडणी पहिल्या श्रावणात बंद पडणारच.

स्प्लिटर लावण्यातही हावरटपणा नको. जीपॉनमध्ये ओएलटीच्या एका पोर्टची उतरण, म्हणजे डाउनलोडचा वेग, सेकंदाला सुमारे अडीच गीगाबिट. ३२ घरांत वाटली आणि सगळे एकदम बसले तरी घराला ७५ एमबीपीएसच्या वर येतात. पण मागून कंपनी गावाला एकूण किती देते ते विचारा. मागे शंभर एमबीपीएसच असतील तर काचेची तार असूनही रात्री नऊला व्हिडिओ अडकणार.

घरात शिरणारी तार वाकवताना जपा. कोपऱ्यावर खिळा ठोकून करकचून वळवली की प्रकाश तिथेच गळतो. वाकणं सोसणारं जी.६५७ जातीचं फायबर घराच्या कामाला घ्या. हिरव्या तोंडाचा कनेक्टर हिरव्यालाच जोडा, निळा निळ्याला. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणून फसायला होतं. हिरव्याचं तोंड तिरपं घासलेलं असतं आणि निळ्याशी ते नीट भिडत नाही. आणि चालू फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून बघू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. पोरांना हे पहिल्या दिवशी सांगा.

गावातलं माणूस तयार करा

पहिल्या वर्षी जॉइंट मारायला माणूस पुण्याहून यायचा. त्याचं काम चोख होतं, पण नवले पुलाची गर्दी पार करून येईपर्यंत दुपार व्हायची, पावसात तर तो दुसऱ्या दिवशी यायचा. दुसऱ्या वर्षी माझी भाची बारावीनंतर घरी होती. तिला स्प्लायसिंग, म्हणजे फायबरचे जॉइंट मारणं, शिकायला पाठवलं. दोन आठवडे एका ओळखीच्या तंत्रज्ञाबरोबर ती रोज हिंडली.

हे काम ताकदीचं नाही, स्वच्छतेचं आणि धीराचं आहे. फायबरची बाहेरची काच १२५ मायक्रॉनची, केसाएवढी, आणि ज्यातून प्रकाश जातो तो गाभा अवघा ९ मायक्रॉनचा. वरचं आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरने टोक काटकोनात कापायचं, मशीनमध्ये ठेवायचं. मशीन ठिणगीने दोन्ही टोकं वितळवून एक करतं आणि किती डीबी लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, आली ते पडद्यावर दाखवतं. ०.०५ च्या वर आलं तर भाची पुन्हा कापते. मी तिथे ०.१ चालवून घ्यायचो. तिच्या हातचे जॉइंट तीन पावसाळे टिकलेत.

रंगांचा क्रम मुलांच्या पाढ्यासारखा पाठ हवा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. बॅटरीच्या उजेडात, ओल्या हाताने राखाडी आणि पांढरा यांत गफलत होते. तिथे थांबून दोनदा बघायचं. आणि कापलेले काचेचे तुकडे डबीतच टाकायचे. ते पायात गेले तर दिसत नाहीत आणि निघतही नाहीत.

स्प्लायसिंग मशीन महाग असतं. आजूबाजूच्या चार गावांनी मिळून एक घेतलं तर परवडतं, आमचं तसंच आहे. प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर आणि लाल उजेडाचा पेन मात्र प्रत्येक गावात हवा. मोडेमवर लाल एलओएस दिवा, म्हणजे प्रकाश पोचत नसल्याची खूण, लागला की निम्म्या वेळा घरातलीच तार उंदराने कुरतडलेली असते, आणि लाल पेन लावला की तुटीच्या जागी उजेड दिसतो. एवढं तर शाळेतलं पोरगंही शोधून देतं.

वीज, पैसे आणि शेवटची वस्ती

ओएलटी जिथे आहे तिथे निदान आठ तास चालेल अशी बॅटरी ठेवा, जमल्यास सोलर. घरोघरी मोडेमसाठी १२ व्होल्टची छोटी यूपीएस मिळते, ती जोडणीबरोबरच द्या. लाइट गेली की मोबाईलची रेंजही मंदावते, तेव्हाच लोकांना या तारेची गरज जास्त असते.

दर महिन्याच्या वसुलीतून ठरावीक भाग दुरुस्तीच्या खात्यात बाजूला काढा आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका. आम्ही पहिल्या वर्षी ते केलं नाही आणि ऑगस्टमध्ये केबलचं भेंडोळं उधारीवर आणायची वेळ आली.

कातकरी वस्ती बहुतेक योजनांत शेवटी येते आणि मग पैसे संपतात. आम्ही ओढा ओलांडायचा खर्च पहिल्याच अंदाजात धरला. वस्तीत महिन्याचं भाडं देणारी घरं दोनच निघाली, म्हणून अंगणवाडीत एक जोडणी दिली आणि तिथून सगळ्यांना वापरायची मुभा ठेवली. रेशनच्या केवायसीसाठी तिथल्या बायकांना आता मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागत नाही. दाखले, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं तिथेच बसून होतं. तुम्हीही ती वस्ती पहिल्या नकाशातच काढा. नंतर जोडू म्हटलेली वस्ती राहूनच जाते.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळी वाट पुन्हा चालतो. फांद्या छाटतो, झोळ ओढून घेतो, जॉइंटच्या पेट्यांची झाकणं बघतो, प्रत्येक शेवटच्या घरातला पॉवर मोजून वहीत गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहितो. दोन डीबीपेक्षा जास्त फरक पडला असेल तर कारण सापडेपर्यंत मागे मागे जातो. भाचीच्या पिशवीत तेव्हा दोनशे मीटर केबल, दोन जॉइंट पेट्या, अल्कोहोलची बाटली, सुती कापड, डोक्याला लावायची बॅटरी, चार्ज केलेलं स्प्लायसिंग मशीन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती वही असते. वहीची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या कपाटात आणि एक शाळेत ठेवली आहे. आम्ही दोघंही गावात नसलो तरी तिसऱ्या माणसाला खांब सापडायला हवा.